एकाच रस्त्यावरच्या दोन शाळा

उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुले पिढ्यान् पिढ्या वेगवेगळ्या शाळांत शिकत आली आहेत. या वेगळ्या शाळांनी समाजातील दुही वाढवली, की मुळात दुभंगलेल्या समाजाचे त्या केवळ प्रतिबिंब आहेत? शांतता करार होऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटला तरी न मिटलेल्या या वादाचा वेध.

३ सप्टेंबर २००१. उन्हाळ्याची सुटी संपून शाळा पुन्हा सुरू होण्याचा दिवस. उत्तर बेलफास्टमधील आर्डॉइन रोडवरून चार ते अकरा वर्षे वयाच्या मुली आईवडिलांचा हात धरून शाळेकडे निघाल्या होत्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना शिरस्त्राणे घातलेले, ढाली धरलेले पोलीस आणि सैनिक उभे होते. या मानवी भिंतींच्या पलीकडून शिव्याशाप, शिट्ट्या आणि अधूनमधून दगड येत होते. दोनच दिवसांनी, ५ सप्टेंबरला, त्याच रस्त्यावर गावठी बॉम्ब फेकण्यात आला आणि काही पोलीस जखमी झाले. भेदरून रडणाऱ्या मुलींची छायाचित्रे जगभरच्या वृत्तपत्रांत झळकली. हा प्रकार थांबायला नोव्हेंबरचा शेवट उजाडला.

मुली ज्या शाळेत निघाल्या होत्या तिचे नाव 'होली क्रॉस'. शाळा कॅथलिक, मुली शेजारच्या आर्डॉइन या कॅथलिक वस्तीतील. परंतु शाळेची इमारत ग्लेनब्रिन या प्रोटेस्टंट वस्तीच्या हद्दीत. आपल्या घरांवर हल्ले होतात, आपल्याला वस्ती सोडून जाण्यास भाग पाडले जात आहे, अशी तेथील प्रोटेस्टंट रहिवाशांची तक्रार होती आणि तिचा राग शाळकरी मुलींवर निघाला. या घटनेतील एक तपशील मात्र फारसा चर्चिला गेला नाही. होली क्रॉसच्या समोरच, रस्त्याच्या पलीकडे, व्हीटफील्ड ही दुसरी प्राथमिक शाळा आहे. तेथे प्रोटेस्टंट मुले जातात. दोन्ही शाळांना पैसा एकाच सरकारचा, दोन्हींच्या वर्गांत गणित तेच आणि भाषाही तीच. फक्त फाटके दोन.

शांततेच्या काळातही रोज सकाळी या दोन फाटकांतून मुले वेगवेगळी आत जातात आणि दुपारी वेगवेगळी बाहेर पडतात. केवळ याच रस्त्यावर नव्हे, तर जवळजवळ संपूर्ण उत्तर आयर्लंडमध्ये हेच चित्र आहे. 'कॉन्व्हेंट' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर सर्व धर्मांची मुले एका बाकावर बसलेला वर्ग येतो. तेथील कॅथलिक शाळा तशी नाही. तिच्या वर्गात बहुतेक सारी मुले कॅथलिक घरांतील असतात आणि प्रोटेस्टंट विद्यार्थी अगदी तुरळक आढळतो. त्यामुळेच १९ लाख लोकवस्तीच्या या छोट्या प्रदेशात एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. मुलांना चौथ्या वर्षापासून वेगळे करायचे आणि मोठेपणी त्यांनी सलोख्याने राहावे अशी अपेक्षा धरायची, हे जमणार कसे?

दोन फाटके कशी उभी राहिली?

ही विभागणी कुणा एकाच्या कारस्थानातून झालेली नाही. उलट, ती टाळण्याचे प्रयत्न सरकारने किमान दोनदा केले आणि दोन्ही वेळा ते फसले, असे इतिहास सांगतो.

संपूर्ण आयर्लंड ब्रिटिश अमलाखाली असताना १८३१मध्ये तेथे 'राष्ट्रीय शाळां'ची योजना सुरू झाली. सर्व पंथांच्या मुलांना सामान्य विषय एकत्र शिकवावेत आणि धर्मशिक्षण तेवढे वेगळे द्यावे, असा तिचा मूळ हेतू होता. कॅथलिक, अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन या तिन्ही चर्चना ही कल्पना रुचली नाही. आपल्या मुलांवर दुसऱ्या पंथाचा प्रभाव पडेल, ही भीती तिघांनाही होती. शतक संपेपर्यंत या शाळा नावापुरत्या राष्ट्रीय आणि व्यवहारात पंथीय झाल्या होत्या.

१९२१मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. ईशान्येकडील सहा परगण्यांचे उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहिले. तेथे प्रोटेस्टंट बहुसंख्य आणि कॅथलिक अल्पसंख्य होते. हे राज्यच टिकणार नाही, अशी अनेक कॅथलिकांची धारणा होती. नव्या राज्याच्या शिक्षणरचनेसाठी नेमलेल्या लिन समितीवर कार्डिनल लोग यांनी बहिष्कार टाकला. काही कॅथलिक शिक्षकांनी तर बेलफास्ट सरकारचा पगार नाकारला आणि १९२२मध्ये काही महिने त्यांचे वेतन डब्लिनहून येत राहिले.

पहिले शिक्षणमंत्री लॉर्ड लंडनडेरी यांनी १९२३च्या कायद्याने दुसरा प्रयत्न केला. सरकारी शाळा कोणत्याही पंथाच्या नसाव्यात, मुलांनी एकत्र शिकावे, अशी त्यांची योजना होती. कॅथलिक चर्चने ती धुडकावली. तथापि योजना मोडीत निघण्यास प्रोटेस्टंट चर्च आणि ऑरेंज ऑर्डर यांचे आंदोलनही तितकेच कारणीभूत ठरले. सरकारी शाळांत बायबलचे शिक्षण हवेच, असा त्यांचा आग्रह होता. १९२५ आणि १९३०च्या दुरुस्त्यांनी तो मान्य झाला. प्रोटेस्टंट चर्चनी आपल्या शाळा सरकारच्या स्वाधीन केल्या आणि बदल्यात त्यांच्या व्यवस्थापनात प्रतिनिधित्व मिळवले. अशा रीतीने 'सरकारी' शाळा व्यवहारात प्रोटेस्टंट झाल्या. कॅथलिकांनी आपल्या शाळा स्वतःकडेच ठेवल्या आणि त्याची किंमतही मोजली. १९३०च्या कायद्याने त्यांना बांधकामखर्चाचा निम्मा वाटा सरकारकडून मिळू लागला. उरलेला निम्मा गरीब कॅथलिक वस्त्यांना वर्गणी काढून उभा करावा लागे. पुढे हे अनुदान १९४७मध्ये ६५ टक्क्यांवर गेले, नंतरही वाढत राहिले आणि १९९०च्या दशकात शंभर टक्के अनुदानाची वाट खुली झाली.

म्हणजे आज दोन्ही प्रकारच्या शाळा सरकारी पैशावरच चालतात. ज्या खेड्यात एका शाळेपुरतीच मुले आहेत तेथेही दोन अर्धवट भरलेल्या शाळा असतात, त्याचे कारण या इतिहासात आहे.

शाळांत नेमके काय शिकवतात?

बाहेरच्या माणसाला वाटते, की या शाळांत एकमेकांविषयी द्वेष शिकवला जात असावा. वस्तुस्थिती तशी नाही. १९८९च्या शिक्षणसुधारणांनंतर दोन्हीकडे समान अभ्यासक्रम लागू झाला. इतिहासासाठीही सामायिक आराखडा आला. 'परस्पर सामंजस्यासाठी शिक्षण' हा सर्व विषयांतून राबवायचा भाग म्हणून बंधनकारक करण्यात आला. परीक्षा त्याच असतात आणि तपासनीसही तेच. पाठ्यपुस्तकांतून विखार शोधू गेल्यास हाती फारसे काही लागणार नाही.

फरक आहे तो शाळेच्या वातावरणात. कॅथलिक शाळेत गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग खेळतात, तर प्रोटेस्टंट मुलांच्या शाळांत रग्बी, हॉकी, क्रिकेट. आयरिश भाषा शिकायची सोय प्रामुख्याने कॅथलिक शाळांत असते. पहिला कम्युनियन आणि दृढीकरण या संस्कारांची तयारी कॅथलिक शाळेतच होते. त्यामुळे शाळा, चर्च आणि घर यांचे एक त्रिकूट बनते. गणवेश पाहून मूल कोणत्या 'बाजूचे' हे ओळखता येते. शिक्षकही वेगवेगळ्या वाटांनी घडतात. बेलफास्टमध्येच सेंट मेरीज हे शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालय कॅथलिक परंपरेचे, तर स्ट्रॅनमिलिस येथील विद्यार्थी प्रामुख्याने प्रोटेस्टंट पार्श्वभूमीचे. इंग्रजी वर्णमालेतील एका अक्षराचा उच्चारही दोन्हीकडे वेगळा मानला जातो. प्रोटेस्टंट त्याला 'एच' म्हणतात, कॅथलिक 'हेच'. एका अक्षरावरून माणूस ओळखला जावा, ही गोष्ट आज गमतीची वाटेल. हिंसाचाराच्या काळात ती जीवावर बेतू शकत असे.

मुले हा भेद कधी शिकतात, याचा अभ्यास पॉल कॉनोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला होता. तीन ते सहा वर्षे वयोगटातील मुलांच्या या पाहणीचा अहवाल २००२मध्ये प्रसिद्ध झाला. सहाव्या वर्षापर्यंत सुमारे एकतृतीयांश मुले स्वतःला दोहोंपैकी एका समाजाशी जोडू लागलेली होती आणि जवळपास १५ टक्के मुलांच्या तोंडी दुसऱ्या समाजाविषयी पंथद्वेषी उद्गार होते. झेंडे, मिरवणुका, पोलीस यांविषयीची आवडनिवड तर त्याही आधी, तिसऱ्या वर्षापासून दिसत होती. या निष्कर्षाचा दोन्ही बाजू आपापल्या परीने आधार घेऊ शकतात. भेद शाळेच्या आधी घरात आणि गल्लीत सुरू होतो, असे एक बाजू म्हणेल. शाळा सुरू होण्याच्या वयातच तो पक्का होतो आणि शाळा त्यावर उतारा ठरत नाही, असे दुसरी बाजू म्हणेल.

वेगळ्या शाळांचा कैवार

वेगळ्या शाळांचे समर्थक केवळ कर्मठ धर्मगुरू आहेत, असे समजणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्या युक्तिवादात वजन आहे.

पहिला मुद्दा अल्पसंख्याकांच्या अस्तित्वाचा. फाळणीनंतर मतदारसंघांची रचना, सरकारी घरांचे वाटप, नोकऱ्या, पोलीस दल या साऱ्यांत कॅथलिकांना दुय्यम वागणूक मिळत होती. अशा राज्यात शाळा हीच एक संस्था खऱ्या अर्थाने त्यांची होती. १९४७च्या कायद्याने माध्यमिक शिक्षण मोफत झाले तेव्हा याच शाळांतून गरिबांची मुले विद्यापीठापर्यंत पोहोचली आणि १९६०च्या दशकातील नागरी हक्क चळवळीचे नेतृत्व या पिढीतून आले. डेरी शहरातील सेंट कोलंब्स कॉलेज ही कॅथलिक मुलांची शाळा. १९९५चे साहित्याचे नोबेल मिळवणारे कवी शेमस हीनी आणि १९९८चे शांततेचे नोबेल मिळवणारे जॉन ह्यूम हे दोघेही तिचे विद्यार्थी. हिंसेचा मार्ग ह्यूम यांनी आयुष्यभर नाकारला. त्यांच्यासह शांततेचे नोबेल मिळवणारे युनियनिस्ट नेते डेव्हिड ट्रिंबल हे बँगोर येथील ग्रामर स्कूलचे विद्यार्थी, म्हणजे दुसऱ्या फाटकातून आलेले. वेगळ्या शाळांत शिकलेल्या दोघांनीच तडजोड घडवली, हे कैवारी आवर्जून सांगतात.

दुसरा मुद्दा पालकांच्या हक्काचा. आपल्या श्रद्धेनुसार मुलांना शिक्षण देण्याच्या पालकांच्या अधिकाराचा आदर राखावा, असे युरोपीय मानवी हक्क कराराचा पहिला पूरक मसुदाही सांगतो. सर्वांना एकाच शाळेत बसवायचे ठरवले, तर त्या शाळेवर बहुसंख्याकांचीच छाप पडेल, ही भीती निराधार नाही. १९३०मध्ये नेमके तेच घडले होते.

तिसरा मुद्दा सर्वांत बिनतोड आहे. वेगळ्या शाळा म्हणजे दंगली, हे समीकरण खरे असते तर ते सर्वत्र खरे ठरायला हवे होते. स्कॉटलंडमध्ये १९१८च्या कायद्याने कॅथलिक शाळा सरकारी व्यवस्थेत सामावल्या गेल्या आणि त्या आजही वेगळ्या चालतात. ग्लासगोमध्ये सेल्टिक आणि रेंजर्स या फुटबॉल संघांच्या निमित्ताने पंथीय वैर उफाळून येते हे खरे. पण तेथे बेलफास्टसारखे यादवी युद्ध झाले नाही. नेदरलँड्सचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे १९१७च्या घटनादुरुस्तीने धार्मिक शाळांना सरकारी शाळांइतकाच पैसा देण्याचे मान्य झाले. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या केवळ शाळाच नव्हे, तर वृत्तपत्रे, कामगार संघटना, रुग्णालये, रेडिओ केंद्रेही वेगळी होती. तरीही १९६०च्या दशकापासून हे वेगळेपण विरघळू लागले आणि १९८०मध्ये एक कॅथलिक व दोन प्रोटेस्टंट पक्ष विलीन होऊन एकच पक्ष झाला. शाळांवरच्या पाट्या मात्र तशाच राहिल्या.

रेषेवर रेषा

मग उत्तर आयर्लंडमध्येच वेगळ्या शाळा इतक्या बोचतात का? याचे उत्तर शाळेत नव्हे, तर शाळेभोवतीच्या समाजात आहे.

नेदरलँड्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात राष्ट्र कोणते याविषयी वाद नव्हता. दोघेही डच होते. उत्तर आयर्लंडमध्ये पंथाची रेषा आणि राष्ट्रनिष्ठेची रेषा बहुतांशी एकच आहे. प्रोटेस्टंटांपैकी बहुसंख्यांना ब्रिटनमध्ये राहायचे आहे, तर कॅथलिकांपैकी अनेकांना संयुक्त आयर्लंड हवे आहे. त्याच रेषेवर वस्तीची रेषा येते. सरकारी घरांच्या बहुतेक वसाहती आजही एकाच समाजाच्या आहेत आणि बेलफास्टमध्ये १९६९पासून उभारलेल्या 'शांतता-भिंती' वस्त्यांना विलग करतात. त्यावर पुन्हा मतदानाची, खेळाची, विवाहसंबंधांची रेषा. एका रेषेने समाज दुभंगत नाही, कारण दुसऱ्या कुठल्यातरी नात्याने माणसे एकत्र येतात. शेजार वेगळा असेल तर शाळा एक असते, शाळा वेगळी असेल तर कारखाना एक असतो. सगळ्या रेषा एकावर एक पडल्या, की त्यांची भिंत होते. शाळा ही या भिंतीची पायाभरणी नव्हे; पण तिच्यातील एक महत्त्वाचा थर निश्चितच आहे.

हा थर महत्त्वाचा अशासाठी, की तो सर्वांत कोवळ्या वयात बसतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४मध्ये पूर्वग्रहांविषयीच्या आपल्या ग्रंथात मांडले होते, की केवळ जवळ राहिल्याने पूर्वग्रह कमी होत नाहीत. त्यासाठी दोन्ही गटांना समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि संस्थेचा किंवा कायद्याचा पाठिंबा लागतो. या चारही अटी एकाच जागी सहज पुऱ्या करणारी संस्था कोणती, असा विचार केला तर पहिले नाव शाळेचेच येते. एका संघातून खेळणारी, एकाच नाटकात काम करणारी, एकाच शिक्षकाची बोलणी खाणारी मुले कोणत्याही व्याख्यानाशिवाय एकमेकांना माणूस म्हणून ओळखू लागतात. वेगळी शाळा द्वेष शिकवत नाही. ती ही ओळख होण्याची संधी हिरावते. तिच्याविरुद्धचा खरा आरोप हाच आहे.

अठ्ठावीस मुलांची शाळा

या आरोपाला पहिले कृतिशील उत्तर सरकारने किंवा चर्चने दिले नाही, तर पालकांनी दिले. १९७०च्या दशकात काही कॅथलिक पालकांनी मुलांना कॅथलिक नसलेल्या शाळांत घातले, तेव्हा काही ठिकाणी त्या मुलांना दृढीकरण संस्कार नाकारण्यात आला. त्यातून 'ऑल चिल्ड्रन टुगेदर' ही चळवळ उभी राहिली. तिच्या प्रयत्नांना यश येऊन, अस्तित्वात असलेल्या शाळांना एकात्मिक होण्याची मुभा देणारा कायदा १९७८मध्ये झाला. त्याचा लाभ घेण्यास एकही शाळा पुढे आली नाही. अखेर पालकांनी स्वतःच शाळा काढायचे ठरवले.

१९८१च्या सप्टेंबरमध्ये बेलफास्टच्या दक्षिणेला एका स्काउट हॉलमध्ये लगन कॉलेज सुरू झाले. विद्यार्थी अवघे २८. मुहूर्त म्हणावा तर याहून वाईट नाही. त्याच वर्षी तुरुंगातील उपोषणात बॉबी सँड्स यांच्यासह दहा रिपब्लिकन कैदी मरण पावले होते आणि रस्त्यांवर हिंसाचार उसळला होता. अशा दिवसांत आपले मूल 'त्यांच्या' मुलांबरोबर बसवणे हे धाडस होते. आज या शाळेत एक हजाराहून अधिक विद्यार्थी आहेत. १९८९च्या सुधारणांनी अशा शाळांना सरकारी निधीचा मार्ग मोकळा केला आणि एकात्मिक शिक्षणाला 'प्रोत्साहन व साहाय्य' देणे हे शिक्षण खात्याचे कायदेशीर कर्तव्य ठरवले. १९९८च्या गुड फ्रायडे करारातही या शिक्षणाचा उल्लेख आला. या शाळा धर्मविरोधी नाहीत. त्यांचा पाया ख्रिस्ती आहे, फक्त कोणत्याही एका चर्चचा नाही. इतर धर्मांच्या आणि धर्म न मानणाऱ्या घरांतील मुलांनाही तेथे जागा आहे.

या शाळांचा परिणाम काय? त्यांतील मुलांना दुसऱ्या समाजात अधिक मित्र असतात आणि ही मैत्री शाळा सुटल्यावरही काही प्रमाणात टिकते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. अर्थात येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आपले मूल अशा शाळेत घालणारे पालक मुळातच उदार मनाचे असण्याची शक्यता अधिक. तेव्हा सारे श्रेय शाळेला देता येत नाही. शिवाय एका छताखाली आलेली मुलेही मधल्या सुटीत आपापल्या गटात बसू शकतात आणि वादग्रस्त विषय टाळण्याकडे शिक्षकांचाही कल असू शकतो. केवळ पटावरचे आकडे जुळवून एकोपा साधत नाही.

चार दशकांनंतर अशा शाळांची संख्या सत्तरच्या वर गेली. तरी त्यांत शिकणारी मुले एकूण विद्यार्थ्यांच्या आठ टक्क्यांच्या आसपासच आहेत. जनमत चाचण्यांत मिश्र शाळांना वारंवार मोठा पाठिंबा मिळतो, प्रत्यक्ष प्रवेशाच्या वेळी मात्र बहुतेक पालक नेहमीच्या शाळेकडे वळतात. याचे कारण प्रत्येक वेळी पंथप्रेम असतेच असे नाही. जवळची शाळा, भावंडांची शाळा, निकालांची ख्याती, ही साधी कारणेही असतात. अनेक ठिकाणी तर जवळपास एकात्मिक शाळाच नसते.

एकत्र, की शेजारी-शेजारी?

विलीनीकरण अवघड म्हणून मधला मार्ग निघाला तो 'सामायिक शिक्षणा'चा. शाळा वेगळ्याच ठेवायच्या, परंतु काही तासांपुरती मुले एकमेकांच्या वर्गांत जायची. एका शाळेत भौतिकशास्त्राचा चांगला शिक्षक, दुसरीत संगीताचा, अशी देवघेव करायची. २००७पासून क्वीन्स विद्यापीठाच्या पुढाकाराने या प्रयोगाला गती मिळाली आणि २०१६मध्ये त्यासाठी कायदा झाला. यामुळे हजारो मुले प्रथमच दुसऱ्या समाजातील मुलांना भेटली, हे खरे आहे. टीकाकार विचारतात, की दोन गणवेश कायम ठेवून झालेली भेट किती खोल जाणार? मोठ्या योजनांची गतीही मंद आहे. ओमा येथील जुन्या लष्करी तळावर सहा शाळांचे एकत्रित संकुल उभारायचे ठरले. त्यातील पहिली शाळा २०१६मध्ये सुरू झाली. उरलेल्यांचे काम वर्षानुवर्षे रखडले. ज्या ओमा गावाने ऑगस्ट १९९८मधील बॉम्बस्फोटात २९ माणसे गमावली, तेथे या संकुलाचे महत्त्व केवळ इमारतीपुरते नाही.

राजकीय नेत्यांनी या विषयाला हात घातला, की वादळ उठते. २०१०मध्ये तत्कालीन फर्स्ट मिनिस्टर पीटर रॉबिन्सन यांनी वेगळ्या शाळांची तुलना वर्णभेदाच्या सौम्य प्रकाराशी केली, तेव्हा हा आपल्या शाळांवरचा घाला आहे, अशी कॅथलिक समाजात प्रतिक्रिया उमटली. रॉबिन्सन हे प्रोटेस्टंटांच्या सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते असल्याने त्यांच्या हेतूविषयी शंका घेतली गेली. २०१३मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांनी बेलफास्टमधील भाषणात कॅथलिकांच्या आणि प्रोटेस्टंटांच्या वेगळ्या शाळा व वेगळ्या इमारती सहकार्याला मारक ठरतात, असे सुचवले. त्यावरही कॅथलिक वर्तुळांतून नाराजी व्यक्त झाली. सल्ला कितीही रास्त असला तरी तो कोण देतो यावर त्याचे स्वागत ठरते, हा दुभंगलेल्या समाजाचा स्वभावच आहे.

तरीही कायदा हळूहळू पुढे सरकत आहे. अलायन्स पक्षाच्या केली आर्मस्ट्राँग यांनी मांडलेल्या विधेयकातून २०२२मध्ये एकात्मिक शिक्षणाचा नवा कायदा झाला आणि शिक्षण खात्याची जबाबदारी वाढली. नोकरीत धर्मावरून भेदभाव करण्यास बंदी असताना शाळाशिक्षकांची भरती मात्र त्या बंदीतून वगळलेली होती. ही सवलतही २०२२च्या दुसऱ्या एका कायद्याने रद्द ठरवली आणि मे २०२४पासून ती संपुष्टात आली.

पण कायद्याची मर्यादा बँगोर अकॅडमीच्या उदाहरणाने पुढे आली. बँगोर या किनारी शहरातील ही शाळा उत्तर आयर्लंडमधील सर्वांत मोठ्या शाळांपैकी एक. तेथील पालकांनी मोठ्या बहुमताने एकात्मिक होण्याच्या बाजूने कौल दिला. जानेवारी २०२५मध्ये शिक्षणमंत्री पॉल गिव्हन यांनी तो प्रस्ताव फेटाळला. शाळेतील कॅथलिक विद्यार्थ्यांचे प्रमाण अत्यल्प आहे, ते पुरेसे वाढण्याची शक्यता दिसत नाही, तेव्हा तिला कायद्याच्या अर्थाने एकात्मिक म्हणता येणार नाही, असे कारण देण्यात आले. पालकांना हवे असूनही नकार मिळाल्याने नाराजी पसरली. मंत्र्यांच्या निर्णयाविषयी मतभेद असोत; त्यामागील अडचण मात्र खरी आहे. ज्या परिसरात दुसऱ्या समाजाची वस्तीच विरळ आहे, तेथे शाळा एकट्याने एकात्म कशी होणार? शाळेचा प्रश्न शेवटी घरांच्या प्रश्नापाशी येऊन थांबतो.

दरम्यान समाजही बदलत आहे. २०२१च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे लोक ४५.७ टक्के, तर प्रोटेस्टंट व अन्य ख्रिस्ती पार्श्वभूमीचे ४३.५ टक्के होते. शंभर वर्षांपूर्वी ज्या प्रोटेस्टंट बहुमताच्या हिशेबाने सीमा आखली गेली, ते बहुमत उरलेले नाही. कोणताही धर्म मानत नाही, असे सांगणारे १७ टक्क्यांहून अधिक निघाले. पोलंड, भारत आणि इतर देशांतून आलेल्या कुटुंबांची मुलेही वर्गांत दिसू लागली आहेत. दोनच फाटकांच्या व्यवस्थेत या मुलांनी कोणत्या फाटकातून आत जायचे, हा नवा प्रश्न आहे.

प्रश्न ओळखीचा

या साऱ्याचा निष्कर्ष एका वाक्यातील होकारात किंवा नकारात मांडता येत नाही. वेगळ्या शाळांनी दुही निर्माण केली नाही. ती जमीन, सत्ता आणि राष्ट्रनिष्ठा यांच्या जुन्या झगड्यातून आली. वेगळ्या शाळा आपोआप दुही वाढवतात, असेही नाही. नेदरलँड्सचा अनुभव तसे सांगत नाही. परंतु जेथे दुही आधीच खोल आहे, जेथे वस्ती, मतदान, खेळ, विवाह या सर्वांची विभागणी एकाच रेषेवर झाली आहे, तेथे वेगळी शाळा ती दुही पुढच्या पिढीच्या हाती सुपूर्द करते. तेही कुणाच्या मनात वाईट हेतू नसताना, उत्तम शिक्षण देत असताना.

तीन दशकांच्या हिंसाचारात सुमारे साडेतीन हजार माणसे मारली गेली. १९९८च्या कराराने बंदुका थांबल्या. २०१३मध्ये तेथील सरकारने दहा वर्षांत सर्व शांतता-भिंती पाडण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. २०२३ उलटून गेले तरी बहुतेक भिंती जागेवर आहेत. भिंतीलगत राहणाऱ्या अनेकांनाच त्या इतक्यात पडायला नको आहेत. पलीकडे कोण राहतो हे ठाऊक नसेल, तर भिंतच सुरक्षित वाटते. ती भीती सक्तीने जाणार नाही, हे १८३१ आणि १९२३च्या फसलेल्या प्रयत्नांनी दाखवले आहे. ती ओळखीने जाऊ शकते, हे अठ्ठावीस मुलांच्या शाळेने दाखवले आहे. ज्या पालकांना आपली मुले एकत्र शिकावीत असे वाटते, त्यांना तशी शाळा घराजवळ मिळणे आणि ज्यांना तसे वाटत नाही त्यांच्या श्रद्धेला धक्का न लागणे, या दोन गोष्टी एकाच वेळी साधण्यात तेथील राज्यकर्त्यांची कसोटी आहे.

२००१मध्ये आर्डॉइन रोडवरून पोलिसांच्या रांगांमधून चालत गेलेल्या मुली आता तिशीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. त्यांच्यावर ओरडणाऱ्यांच्या घरांतील मुलेही याच वयाची असतील. त्यांची मुले आता शाळेत जाण्याच्या वयाची झाली आहेत, किंवा होतील. ती कोणत्या फाटकातून आत जातात आणि तेथे त्यांना कोण भेटते, यावर त्या रस्त्याचे पुढचे दिवस पुष्कळसे अवलंबून राहतील.